नोकिया ६६०० घरच्या कॉम्प्युटरशी सिंक करताना: मिरजेतल्या नोंदी

फोन नोकिया ६६००, म्हणजे २००३ चं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टिम सिम्बियन ७.०एस, सिरीज ६० ची दुसरी आवृत्ती. कॉम्प्युटर जुना डेस्कटॉप, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३, त्यात ऑफिस २००३. फोन माझ्या मामांचा. मामा मिरजेत तंतुवाद्यं बनवतात, मुख्य करून तानपुरे आणि सतारी, आणि गिऱ्हाईक महाराष्ट्रभर आणि बाहेरही पसरलेलं. हा फोन ते अजून रोज वापरतात, कारण बटणं बघावी लागत नाहीत, हाताला लाकडाचा भुसा आणि लाखेचा चिकटा असला तरी चालतो, आणि टू-जी सिम आहे तोवर बोलायला काही अडत नाही.

मामांच्या फोनमधे चारशेच्या वर नावं आहेत आणि बहुतेक नावांखाली "नोट" या खान्यात त्या माणसाच्या वाद्याची माहिती लिहिलेली आहे. जनानी (बायकांच्या आवाजाचा) तानपुरा, पट्टी काळी चार, भोपळ्याचा घेर अमुक इंच, शेवटची जवारी (घोडी घासून तारेचा झंकार नीट करणं) कधी काढली, तारा कुठल्या गेजच्या. असं वीस वर्षांचं. सगळे जण त्यांना सांगत होते की सिमवर कॉपी करा आणि नवीन फोन घ्या. सिमवर एका नावाला एक नंबर जातो, नाव लांब असेल तर तेही कापून जातं, आणि नोट तर जातच नाही. म्हणजे नंबर वाचतील आणि धंद्याची सगळी आठवण जाईल. म्हणून ठरवलं की कुठल्याही मार्गाने केलं तरी दर वेळी पहिल्यांदा एकच गोष्ट तपासायची, नोट शाबूत आली का. ती आली नाही तर तो मार्ग बाद.

दुसरं म्हणजे नुसता बॅकअप नको होता. मामेबहीण बिलं आणि पार्सलचे पत्ते कॉम्प्युटरवर करते, तिने तिथे नवीन गिऱ्हाईक टाकलं की ते फोनमधे यायला हवं आणि मामांनी फोनमधे टाकलेलं कॉम्प्युटरवर. म्हणजे खरोखरचं दोन्ही बाजूंचं सिंक.

९ जून २०२४, रविवार

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी फोनची तब्येत बघितली. मागचं कव्हर नीट बसत नव्हतं, काढलं तर बॅटरी मधोमध फुगलेली. अशी बॅटरी असताना तासभर ब्लूटूथ चालू ठेवून काम करायचं नाही, मधेच फोन बंद पडतो आणि फुगलेला सेल धोक्याचा असतो ते वेगळंच. बॅटरी बीएल-५सी आहे. ही तीच बॅटरी जिच्याबद्दल ऑगस्ट २००७ मधे कंपनीने सूचना काढली होती, डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मधे बनलेल्या साधारण ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला गरम होऊ शकतात म्हणून. तेव्हा सगळ्या गावात लोक बॅटरी काढून मागचा नंबर वाचत होते, मामांना अजून आठवतं.

चांगली गोष्ट अशी की बीएल-५सी आजही मिळते, कारण छोट्या एफएम रेडिओत आणि भजनाच्या स्पीकरमधे हीच टाकतात. सांगलीत मोबाईलच्या दुकानात १८० रुपयांना मिळाली. घेताना वजन हातात घेऊन बघा, फार हलकी असेल तर घेऊ नका, लेबलवर काहीही आकडा छापलेला असतो. मूळ बॅटरी ८५० एमएएचची होती.

चार्जर जाड पिनचा लागतो, ३.५ मिमीचा. नंतरच्या नोकियांचा बारीक पिनचा चालत नाही. बाजारात जे छोटं कनेक्टर सहज मिळतं ते जाड चार्जर बारीक पिनच्या फोनला लावायचं असतं, आपल्याला बरोबर उलटं पाहिजे, त्यामुळे ते घेऊन उपयोग नाही. जाड पिनचा चार्जर एका रिपेअरवाल्याकडे खोक्यात तळाशी सापडला, १०० रुपये.

१० जून

आज फक्त बॅकअप. सिंक करण्याआधी दोन वेगवेगळ्या जागी दोन वेगवेगळ्या प्रकारचा बॅकअप पाहिजे. हे मी जोर देऊन लिहितोय, कारण पुढे २४ तारखेला काय झालं ते वाचाल तेव्हा कळेल.

६६०० मधे मेनूत मेमरी नावाचं ॲप आहे, त्यात ऑप्शन्समधे फोन मेमरीचा बॅकअप मेमरी कार्डवर घ्यायची सोय आहे. हा बॅकअप कॉम्प्युटरवर उघडून वाचता येत नाही, तो त्याच फोनला परत भरण्यासाठी आहे, पण वेळेला जीव वाचवणारा आहे. कार्ड एमएमसी, सुरुवातीला फोनबरोबर आलेलं ३२ एमबीचं. ते बॅटरीच्या खाली असल्यामुळे प्रत्येक वेळी फोन बंद करून, बॅटरी काढून मग कार्ड काढावं लागतं. आणि फोनच्या आतला घड्याळाचा बारका सेल संपलेला असल्यामुळे बॅटरी काढली की तारीख-वेळ जाते. परत चालू केल्यावर तो विचारतो, तेव्हा घाईघाईत ओके न करता नीट तारीख टाका. कॅलेंडर सिंक करायचं असेल तर ही तारीख फार महत्त्वाची.

एमएमसी कार्ड एसडीच्या खाचेत बसतं, पण बसलं म्हणजे वाचलं असं नाही. माझ्या लॅपटॉपच्या खाचेने काही ते ओळखलं नाही. २०० रुपयांच्या यूएसबी कार्ड रीडरने, ज्याच्यावर एमएमसी असं स्पष्ट लिहिलेलं होतं, लगेच वाचलं. बॅकअपचा फोल्डर कॉपी करून पेनड्राइव्हवर ठेवला आणि माझ्याकडे सांगलीत एक ठेवला. २०१९ च्या पुरात घरात ठेवलेल्या वह्यांचं काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको, म्हणून एक प्रत नेहमी दुसऱ्या घरात.

अजून एक काम याच दिवशी उरकलं. काही नंबर फोनमधे नसून सिमवर होते. सिंक फक्त फोन मेमरीतल्या नावांचं होतं, सिमवरच्यांचं नाही. सिम डिरेक्टरी उघडून, सगळी मार्क करून फोनमधे कॉपी केली. त्यात काही नावं दोनदा झाली, ती मामांना शेजारी बसवून एकेक करून काढली. हे काम आपल्या मनाने करू नका, दोन सारख्या दिसणाऱ्या नावांपैकी कुठलं खरं हे फोनच्या मालकालाच माहीत असतं. "पुण्याचे जोशी" तीन होते आणि तिन्ही खरे निघाले.

१२ जून

कुठला मार्ग घ्यायचा हे ठरवण्यात आजचा दिवस गेला.

इंटरनेटवरून सिंक हा पहिला विचार बहुतेकांच्या डोक्यात येतो. फोनमधे कनेक्टिव्हिटीच्या फोल्डरमधे सिंक म्हणून ॲप आहेच, ते सिंकएमएल नावाच्या पद्धतीने सर्व्हरशी बोलतं. गुगलची कॉन्टॅक्ट्ससाठी अशी सेवा होती, ती ३० जानेवारी २०१३ ला बंद झाली. बाकी कुठला सर्व्हर शोधला तरी आताच्या सर्व्हरना जे नवीन एन्क्रिप्शन लागतं ते २००३ च्या फोनला येत नाही. म्हणून हा मार्ग पूर्ण सोडला, आणि मला स्वतःला वाटतं ते बरंच झालं. जो बंदोबस्त घराबाहेरच्या कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून आहे तो त्यांनी बंद केला की आपल्याला काहीच करता येत नाही. फोन, कॉम्प्युटर आणि मधला ब्लूटूथ हे तिन्ही आपल्या टेबलावर असले तर कोण काय बंद करणार.

केबल? ६६०० ला कॉम्प्युटरची डेटा केबल चालत नाही. खालचं सॉकेट पॉप-पोर्टसारखं (नोकियाच्या तेव्हाच्या केबलच्या खाचेसारखं) दिसतं आणि दुकानदार त्यात बसणारी केबल देतातही, पण ६६०० साठी कंपनीने दोनच रस्ते दिले होते, इन्फ्रारेड आणि ब्लूटूथ. केबलवर पैसे घालवू नका.

मग माझ्या विंडोज १० च्या लॅपटॉपशी ब्लूटूथने जोडून बघितलं. पेअर झाला. एक कॉन्टॅक्ट उघडून ऑप्शन्समधून बिझनेस कार्ड ब्लूटूथने पाठवलं तर लॅपटॉपवर व्हीसीएफ फाइल आली, नोटपॅडमधे उघडली, आणि मजकुरात नोट जशीच्या तशी! तिथे पहिल्यांदा बरं वाटलं, म्हणजे माहिती बाहेर काढता येते हे नक्की झालं. पण चारशे नावं अशी एकेक पाठवायची आणि तीही एकाच दिशेने, हे काही सिंक नाही. सगळ्या फाइल जोडून एक मोठी व्हीसीएफ करायचा विचार करत असाल तर, आउटलुक (ऑफिसमधला नाव-पत्ते आणि कॅलेंडरचा प्रोग्रॅम) अशा फाइलमधलं फक्त पहिलं नाव घेतं आणि बाकीची सोडून देतं.

पीसी सूट, म्हणजे फोन कॉम्प्युटरशी जोडायचं नोकियाचं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर चढलं पण त्याला फोन दिसेना. यात कुणाचा दोष नाही, ६.८ च्या मालिकेतलं ते सॉफ्टवेअर एक्सपीच्या काळातलं. त्याच्याशी झगडत बसण्यापेक्षा त्याच काळातला कॉम्प्युटर वापरायचा असं ठरवलं, आणि तो मामांच्या माळ्यावर होताच.

१५ जून, शनिवार

डेस्कटॉप खाली उतरवला. आतला धुरळा ब्रशने आणि ब्लोअरने काढला, रॅम काढून खोडरबराने पट्ट्या पुसल्या, चालू झाला. पण चालू होताना एफ१ दाबा म्हणत होता आणि तारीख २००२ ची. बोर्डवरचा सेल संपलेला. सीआर२०३२, गोल नाण्याएवढा, ३० रुपये. बदलला, बायोसमधे तारीख टाकली.

हा सेल बदलायचा राहिला असता तर पुढे काय झालं असतं ते सांगतो. पीसी सूटच्या सिंकमधे कॅलेंडरसाठी आजपासून मागे किती आणि पुढे किती काळ घ्यायचा अशी मर्यादा असते. कॉम्प्युटरला आज २००२ वाटत असेल तर २०२४ च्या नोंदी त्या मर्यादेतच येत नाहीत, सिंक "यशस्वी" म्हणून संपतं आणि कॅलेंडर रिकामं. माणूस मग फोनला दोष देत बसतो.

एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत. म्हणून या कॉम्प्युटरला नेटची वायर लावायचीच नाही, बाहेरून जे आणायचं ते पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह आधी माझ्या लॅपटॉपवर स्कॅन करून. पीसी सूटची फोनबरोबर आलेली सीडी होती पण चरे पडलेली, अर्ध्यात अडकत होती. एका मित्राच्या जुन्या हार्डडिस्कमधे ६.८ चा इन्स्टॉलर मिळाला. डाउनलोड करून घेणार असाल तर पूर्ण ऑफलाइन इन्स्टॉलर आहे का ते बघा, जो चढताना नेटवरून काही आणतो तो इथे कामाचा नाही.

आउटलुक २००३ एकदा हाताने उघडून प्रोफाइल तयार करून ठेवलं. ईमेल खातं टाकायची गरज नाही, ती पायरी सोडून पुढे जाता येतं. पण प्रोफाइलच नसेल तर पीसी सूटला कशाशी सिंक करायचं तेच कळत नाही.

१६ जून

ब्लूटूथ. डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही, यूएसबी डोंगल घेतला, २५० रुपये. डोंगलबरोबर एक छोटी सीडी असते. ती सीडी घातली नाही तर जास्त चांगलं, हे मला दोन तास गेल्यावर उमगलं. त्या सीडीतलं सॉफ्टवेअर ट्रायल होतं, ठरावीक डेटा गेला की थांबून पैसे मागायचं. एक्सपीमधे सर्व्हिस पॅक २ पासून स्वतःचा ब्लूटूथ आहे आणि साध्या सीएसआर चिपचे डोंगल तो आपोआप ओळखतो. ते सॉफ्टवेअर काढलं, कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, डोंगल दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला, आणि घड्याळाशेजारी निळं चिन्ह आलं. दोन प्रकारचे ब्लूटूथ सॉफ्टवेअर एकत्र राहिले तर दोन्ही बिघडतात, त्यामुळे जुनं पूर्ण निघालं याची खात्री करूनच पुढे जा.

मामा ब्लूटूथ चालू करू द्यायला तयार नव्हते. "अरे त्यातनं व्हायरस येतोय बघ, तेव्हा सगळ्यांच्या फोनात शिरलेला." त्यांचं बरोबर आहे. २००४ मधे कॅबिर नावाचा वर्म आला होता, तो याच सिरीज ६० फोनमधून ब्लूटूथने पसरायचा, आणि समोर कॅरिब नावाची एसआयएस फाइल (ॲप चढवायची फाइल) घ्यायची का म्हणून विचारणा यायची. ६६०० मधे नंतरच्या सिम्बियन ९ सारखी ॲपची डिजिटल सही तपासायची पद्धत नाही, एक इशारा दाखवतो आणि हो म्हटलं की कुठलंही ॲप चढतं. म्हणून असं ठरवलं की फोनची व्हिजिबिलिटी फक्त पेअर करताना उघडायची, पेअर झाला की परत हिडन. एकदा पेअर झालेला कॉम्प्युटर हिडन फोनलाही शोधतो, सिंकला अडचण येत नाही. हे समजावल्यावर मामा तयार झाले.

पेअर करताना एक्सपीच्या विझार्डमधे तो स्वतः लांबलचक पासकी देतो. ती न घेता "मी माझी पासकी देतो" हा पर्याय घ्या आणि चार आकडी साधा नंबर टाका, कारण फोनवर तोच नंबर थोड्या वेळात टाकायला लागतो, उशीर झाला की पेअरिंग फेल. मामांच्या फोनची जॉयस्टिक झिजलेली आहे, खाली दाबलं की कधी उजवीकडे जाते, त्यामुळे लांब पासकी जमतच नव्हती.

पेअर झाल्यावर फोनमधे पेअर्ड डिव्हाइसेसच्या टॅबवर जाऊन त्या कॉम्प्युटरला ऑथराइज्ड करायचं. हे राहिलं तर प्रत्येक कनेक्शनला फोन परवानगी विचारतो, मामा तासणी हातात धरून बसलेले असतात, कुणी येस दाबत नाही आणि तिकडे कनेक्शन तुटतं.

१९ जून

संध्याकाळी जाऊन पीसी सूटच्या कंटेंट कॉपियरने पूर्ण बॅकअप घेतला. याची एनबीयू फाइल होते. ती पीसी सूटशिवायही एनबीयू एक्सप्लोरर नावाच्या फुकट प्रोग्रॅममधे उघडून आतली नावं आणि एसएमएस बघता येतात, म्हणून मला हा बॅकअप कार्डवरच्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. उघडून बघितलं, नोटा सगळ्या आहेत.

सुरुवातीला मात्र मेमरी फुल येऊन थांबत होतं. ६६०० ची आतली मेमरी ६ एमबी फक्त, आणि मामांच्या इनबॉक्समधे वाद्यांचे फोटो असलेले एमएमएस. फोटो कार्डवर हलवले, ते एमएमएस काढले, कॉल लॉग पुसला, मग गेलं. सिंकलाही फोनमधे थोडी मोकळी जागा लागते, ती आधीच करून ठेवा.

२३ जून, रविवार

पहिलं सिंक. आउटलुक मुद्दाम पूर्ण रिकामं ठेवलं होतं, म्हणजे पहिल्या वेळी माहिती फक्त फोनकडून कॉम्प्युटरकडे जाईल, उलट जायला काही नाहीच. ब्लूटूथने चारशे नावं जायला वेळ लागतो, चहा झाला, दुसरा झाला.

नावं आली, नोटाही आल्या. आउटलुकमधे खालच्या मोठ्या चौकोनात नोट दिसते. मामेबहिणीने स्क्रीनवरून वाचायला सुरुवात केली आणि मामा न बघता सांगत होते, हां, तो धारवाडचा, त्याचा भोपळा पंढरपूरकडून मुद्दाम मागवलेला. प्रत्येक नोंद बरोबर.

पण तपासताना एक फार महत्त्वाची गोष्ट सापडली. ज्या लोकांचे दोन मोबाईल नंबर होते त्यांचा एकच आला. कारण फोनमधे एका नावाखाली मोबाईल हा खाना कितीही वेळा घेता येतो, आउटलुकमधे मोबाईलचा खाना एकच आहे. दुसरा नंबर कुठे ठेवायचा ते त्याला कळत नाही. आणि हे असंच ठेवून दोन्ही बाजूंचं सिंक चालू ठेवलं, आउटलुकमधे त्या नावात काही बदललं, तर ते बदललेलं नाव फोनमधे परत येताना दुसरा नंबर पुसला जायची भीती. फोनमधेच एकेक नाव उघडून दुसरा मोबाईल नंबर टेलिफोनच्या खान्यात हलवला. कंटाळवाणं काम, पण त्याला पर्याय नाही. तुमच्याकडे असे किती जण आहेत ते सिंकच्या आधी बघा आणि आधीच करून घ्या.

२४ जून

कॅलेंडरची गडबड. मामांनी नेहमीच्या कलाकारांचे वाढदिवस ॲनिव्हर्सरी म्हणून टाकलेले, आणि वाद्य कधी द्यायचं ते मेमो म्हणून. आउटलुकमधे ही दोन्ही "दिवसभर" प्रकारच्या नोंदी म्हणून येतात. काल आल्या तेव्हा मला वेळा विचित्र वाटल्या म्हणून कॉम्प्युटरचा टाइम झोन बघितला तर पॅसिफिक, अमेरिकेतला. ज्याने कधीकाळी एक्सपी टाकला त्याने घड्याळ भारतातलं लावलं पण झोन होता तोच ठेवला, आणि इतकी वर्षं कुणाचं अडलं नाही. झोन भारताचा केला. त्याबरोबर आउटलुकमधले सगळे वाढदिवस दोन दोन दिवसांवर पसरले. आउटलुक २००३ दिवसभराची नोंद मध्यरात्र ते मध्यरात्र अशी पक्की वेळ धरून ठेवतं, झोन सरकला की ती नोंद तेवढे तास सरकते.

इथे सगळ्यात धोकादायक वळण आहे. मनात पहिलं येतं की आउटलुकचं कॅलेंडर पुसू आणि फोनमधून परत आणू. तसं अजिबात करू नका! एकदा सिंक झाल्यावर कॉम्प्युटरवर पुसलं की सिंकला वाटतं तुम्ही ते जाणूनबुजून काढलंय, आणि पुढच्या सिंकला तो ते फोनमधूनही काढतो. वीस वर्षांच्या नोंदी एका क्लिकमधे.

बरोबर पद्धत अशी: पीसी सूटमधली या फोनची सिंकची सेटिंग काढून टाकायची, आउटलुकचं नवीन प्रोफाइल नवीन डेटा फाइलसकट तयार करायचं, आणि मग पहिल्यापासून, जणू कधी सिंक झालंच नव्हतं. मी तरी त्याआधी एनबीयू बॅकअप पुन्हा एकदा घेतला. नवीन प्रोफाइलवर, बरोबर झोनमधे, सगळे वाढदिवस आपापल्या दिवशी आले.

३० जून

दुपारी पाऊस, आणि सिंक चालू असताना लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपलेली. परत आल्यावर सिंक केलं तर त्याने सगळी नावं पहिल्यापासून एकमेकांशी ताडून बघितली, याला स्लो सिंक म्हणतात, मधे तुटलं की पुढच्या वेळी असंच होतं. त्यात साधारण तीसेक नावं डबल झाली. सगळी का नाही झाली आणि हीच का झाली ते शोधल्यावर कळलं की ही नावं मामेबहिणीने मधल्या दिवसांत आउटलुकमधे उघडून पत्ता भरलेली होती. आउटलुक नंबर सेव्ह करताना त्यात कंस आणि मोकळ्या जागा घालतं, ०२३३ कंसात, पुढे जागा. फोनमधे तोच नंबर सलग. ताडताना दोन्ही वेगळे वाटले, म्हणून दोन्ही ठेवले.

फोनमधली डबल नावं काढताना पत्ता असलेलं ठेवायचं. नोट दोन्हीकडे आहे का तेही बघायचं. आता नियम केलाय की नंबर दोन्हीकडे +९१ लावून लिहायचे आणि लँडलाइनचेही तसेच, सांगली-मिरजेला ०२३३ मधला शून्य काढून. सेव्ह केल्यावर आउटलुकने त्यात काय केलं ते एकदा डोळ्याखालून घालायचं. यूपीएसला नवीन बॅटरी टाकली, ९५० रुपये. या पूर्ण कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो पहिल्या दिवशीच करायला हवा.

७ जुलै, रविवार

आज दोन्ही बाजूंची खरी परीक्षा. मामेबहिणीने आउटलुकमधे कोल्हापूरचं एक नवीन गिऱ्हाईक टाकलं, नोटसकट. मामांनी फोनमधे एका जुन्या माणसाची जवारीची तारीख बदलली. सिंक. बदल दोन्हीकडे बरोबर गेले, डबल एकही नाही, एकाच मिनिटात संपलं कारण आता फक्त बदललेलंच जातं. मामांनी फोनवर नवीन नाव उघडलं, नोट वाचली, "मर्दानी, काळी एक," आणि म्हणाले की हे आता पोरीला फोनवर विचारायला नको.

ती नावं मामेबहिणीच्या बिलाच्या वेगळ्या कॉम्प्युटरवर न्यायला आउटलुकमधून एक्सपोर्ट करून एक्सेलची फाइल काढली. सीएसव्हीही निघते, पण नोटांमधे एंटर मारलेले असल्यामुळे काही प्रोग्रॅममधे एका माणसाच्या तीन ओळी होतात. एक्सेलच्या फाइलमधे तसं होत नाही. ही फाइल पेनड्राइव्हवरून जाते, दर महिन्याला.

१४ जुलै

आठवडाभर त्यांनी स्वतः चालवलं, मी नव्हतो. एकदा कनेक्शन लागेना म्हणून फोन आला. फोन बंद करून चालू करा आणि डोंगल काढून परत त्याच खाचेत लावा असं सांगितलं, लागलं. डोंगल वेगळ्या खाचेत लावला की एक्सपी त्याला नवीन समजतो, म्हणून त्या खाचेवर मामेबहिणीने लाल नेलपेंटचा ठिपका केलाय.

खर्च: बॅटरी १८०, चार्जर १००, कार्ड रीडर २००, सेल ३०, डोंगल २५०, यूपीएसची बॅटरी ९५०. एकूण १७१० रुपये. जॉयस्टिक अजून बदललेली नाही, सांगलीतला रिपेअरवाला जुन्या बोर्डवरची काढून लावतो म्हणालाय, पण त्यासाठी फोन उघडावा लागेल आणि त्याआधी अजून एक एनबीयू बॅकअप घेणार आहे.

ज्यांच्याकडे ६६०० ऐवजी ६६३० किंवा एन७० आहे त्यांचं काम सोपं आहे. त्या फोनना डीकेयू-२ ही यूएसबी केबल चालते, डोंगल आणि पेअरिंगचा सगळा भाग गळून जातो. फक्त त्यांचं कार्ड वेगळं, अर्ध्या लांबीचं आरएस-एमएमसी, आणि ६६३० ला कमी व्होल्टेजवर चालणारंच लागतं, साधं घातलं तर फोन ओळखत नाही. बाकी दुसऱ्या मोबाईल नंबरचा खाना, टाइम झोन आणि आउटलुकमधे पुसण्याबद्दल वर लिहिलंय ते त्यांनाही तसंच लागू.